सीए-१२५ वाढलाय, आणि हे म्युसिन म्हणजे नक्की काय?

कोरांटी
नमस्कार मंडळी. वय ४३. ऑफिसतर्फे दरवर्षी रक्ततपासणी होते. यंदा पॅकेज मोठं होतं, त्यात 'ट्यूमर मार्कर' (कॅन्सरसाठी बघतात त्या रक्तातल्या खुणा) पण होते, हे मला रिपोर्ट आल्यावर कळलं. काल संध्याकाळी पोळ्या लाटताना फोनवर पीडीएफ उघडली. बाकी सगळं काळ्या अक्षरांत आणि एकच ओळ लाल: सीए-१२५, ५८. शेजारी छापलं होतं 'सामान्य : ३५ पर्यंत'. गॅस बंद केला आणि ओट्याशीच उभी राहिले.

त्रास म्हणावा असा काही नाही. पाळीत पोट दुखतं, पण ते कॉलेजपासूनचंच. गुरुवारी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे.

रात्री वाचत बसले तेव्हा कळलं की अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात तो सीए-१२५ हा एमयूसी-१६ नावाच्या प्रथिनाचा तुकडा, आणि ते 'म्युसिन' कुळातलं. म्हणजे कफ, लाळ, जठराचं अस्तर यांत जी बुळबुळीत प्रथिनं असतात त्यांचं भावंड. दोन प्रश्न आहेत. कुणाचा हा आकडा वाढूनही काही निघालं नाही, असं झालंय का? आणि जी गोष्ट प्रत्येकाच्या शरीरात चांगल्या कामासाठी असते ती कॅन्सरची टेस्ट कशी झाली?

मोगरा७८
रक्त दिलं त्या दिवशी पाळी चालू होती का?

कोरांटी
दुसरा दिवस होता! कुणी विचारलंच नाही.

मोगरा७८
मग आधी पाणी पी आणि शांत बस. गर्भाशयाचं अस्तर आणि पोटाच्या आतलं आवरण, दोन्हीकडे हे प्रथिन असतं. तिथे सूज आली, रक्तस्राव झाला की ते सुटून रक्तात येतं. पाळीत वाढतं, गरोदरपणाच्या सुरुवातीला वाढतं, फायब्रॉइडमध्ये वाढतं. मला एन्डोमेट्रिऑसिस आहे (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार), माझा आकडा एकदा ९० च्या वर गेला होता. त्याला आता अकरा वर्षं झाली.

'पाळीत पोट दुखतं, कॉलेजपासूनचंच' हे तू सहज लिहून गेलीस, पण डॉक्टरांना ते पहिल्यांदा सांग. मीसुद्धा पंधरा वर्षं 'सगळ्यांचंच दुखतं' असं म्हणत काढली. पाळी संपल्यावर पुन्हा टेस्ट आणि आतून केलेली सोनोग्राफी, या दोन गोष्टी त्या बहुतेक सांगतीलच.

काका_कराडचे
कोरांटीताई, धीर देणं ठीक, पण आकडा वाढलाय तो वाढलाय, त्याकडे दुर्लक्ष नको. आमच्या वहिनी अंडाशयाच्या कॅन्सरने गेल्या. कळलं तेव्हा तिसरी पायरी (स्टेज). ही टेस्ट कुणी आधी केली असती तर त्या आज असत्या, असं मला अजून वाटतं. माझं तर मत आहे की चाळिशीनंतर प्रत्येक बाईने वर्षाला ही टेस्ट करावी.

पांढराकोट
काका, तुमचं दुःख समजतं. मीही याच आजाराच्या रुग्णांबरोबर काम करते. पण त्या शेवटच्या वाक्याला मला विरोध करावाच लागेल.

ही टेस्ट आली १९८१ च्या सुमाराला. अमेरिकेत बॉस्टनला रॉबर्ट बास्ट आणि रॉबर्ट नॅप यांच्या गटाने अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी वापरून एक अँटिबॉडी तयार केली, तिचं नाव ओसी-१२५. ती ज्याला चिकटते ते सीए-१२५. ते नेमकं कोणतं प्रथिन, हे उलगडायला पुढे वीस वर्षं गेली. २००१ मध्ये त्याचं जनुक सापडलं आणि नाव मिळालं एमयूसी-१६. या टेस्टचा खरा उपयोग आहे तो निदान झालेल्या रुग्णाचे उपचार लागू पडताहेत का, आजार परत येतोय का, हे बघायला. तिथे मी रोज तिच्यावर विसंबते.

निरोगी बायकांत गाळणी म्हणून ती चालते का, हे ब्रिटनमध्ये तपासलं गेलं. पाळी गेलेल्या, ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून जास्त स्त्रिया. काहींना दरवर्षी सीए-१२५, काहींना दरवर्षी सोनोग्राफी, बाकीच्यांना काहीच नाही. नावनोंदणी २००१ पासून, अंतिम निकाल २०२१ मध्ये. सीए-१२५ च्या गटात काही कॅन्सर लवकरच्या पायरीवर सापडले, हे खरं. पण अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. या निकालाने आमच्यापैकी अनेकांचा हिरमोड झाला, माझाही.

दुसरी बाजूही सांगते. पहिल्या पायरीवरच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत सीए-१२५ वाढलेलाच नसतो. म्हणजे पॅकेजमध्ये आकडा काळ्या अक्षरांत आला आणि बाई निर्धास्त झाली, तर तेही धोक्याचं. पोट सतत फुगलेलं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला जाणं, हे नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे टिकलं तर आकडा काहीही असो, तपासून घ्यायचं. आणि घरात आई, बहीण, मावशी, आत्या यांना अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

काका_कराडचे
डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते सगळं वहिनींना होत होतं. सहा महिने गॅसची गोळी घेत होत्या. साडीची गाठ सैल बांधायला लागल्या होत्या, आणि आम्ही म्हणत होतो अंगाने भरल्या. टेस्टचं माझं म्हणणं मागे घेतो. ही लक्षणांची यादी मी घरच्या ग्रुपवर टाकली आहे.

उत्तरवारा
कोरांटी, तुझा दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा आहे. मी स्वीडनमध्ये जैवरसायनात काम करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

बाजरीचं कणीस डोळ्यांपुढे आण. मधला दांडा म्हणजे प्रथिन आणि त्याला चहूबाजूंनी गच्च चिकटलेले दाणे म्हणजे साखरेच्या छोट्या साखळ्या. हे म्युसिन. बहुतेक म्युसिनच्या वजनात निम्म्याहून जास्त वाटा साखरेचाच असतो. या साखळ्या पाणी धरून ठेवतात, एकमेकींना दूर लोटतात, त्यामुळे दांडा ताठ राहतो. अशी हजारो कणसं एकमेकांना जोडली की जे जाळं होतं ते म्हणजे आपला शेंबूड, कफ, जठराचं अस्तर. शाळेत आपण 'श्लेष्मल त्वचा' शिकलो ना, तिच्यावरचा थर हाच. श्लेष्म हा शब्द 'श्लिष्' म्हणजे चिकटणे या धातूवरून आलाय. नाव ठेवणाऱ्याने बरोबर ठेवलंय.

माणसात म्युसिनची वीसएक जनुकं आहेत. काही म्युसिन पेशीतून बाहेर सोडली जातात आणि जाळं करतात: आतड्यात एमयूसी-२, जठरात आणि श्वासनलिकेत एमयूसी-५एसी, लाळेत आणि फुप्फुसात एमयूसी-५बी. दुसरी जात पेशीच्याच अंगावर रोवलेली, गवतासारखी उभी. एमयूसी-१, एमयूसी-४ आणि तुझं एमयूसी-१६ या जातीतलं. एमयूसी-१६ सगळ्यांत मोठं, बावीस हजारांवर अमिनो आम्लं. इन्सुलिनमध्ये ती फक्त ५१ असतात.

आता याचं मोल किती ते बघ. मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू, आणि त्यांच्या आणि आपल्या मध्ये पेशींचा एकच थर. २००८ मध्ये इथल्याच, म्हणजे गोथेनबर्गच्या गुन्नर हान्सन आणि मालिन योहान्सन यांच्या गटाने दाखवलं की तिथे म्युसिनचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जिवाणू राहतात, आतल्या घट्ट थरात जवळजवळ एकही नाही. दोन्ही थर एकाच एमयूसी-२ चे. ज्या उंदरांमध्ये एमयूसी-२ चं जनुकच काढून टाकलं, त्यांना पुढे आपोआप आतड्याचा कॅन्सर झाला. हा प्रयोग २००२ चा. नुसतं अस्तर काढलं, बाकी काही केलं नाही.

रानपाखरू
वाचतेय. आजी 'आव पडली' म्हणायची, ती आव म्हणजे हेच का?

उत्तरवारा
अगदी हेच. आव म्हणजे आतड्याचं सुटून आलेलं म्युसिन. अमिबाच्या जुलाबात तर गोष्ट फारच रंजक आहे. अमिबाच्या अंगावर एक हूक असतो, तो एमयूसी-२ च्या साखरेत अडकतो. निरोगी आतड्यात अमिबा तिथेच अडकून राहतो आणि शौचावाटे निघून जातो, म्हणून पुष्कळ लोकांच्या पोटात अमिबा असूनही त्यांना काही होत नाही. पण त्याच्याकडे हे जाळं कापणारे पाचक रसही असतात. अस्तर कापून तो पेशीपर्यंत पोचला की रक्त-आव सुरू.

रानपाखरू
मग भेंडीची तार? सासूबाई सकाळी भेंडी भिजवलेलं पाणी पितात, 'आतड्याला अस्तर चढतं' म्हणतात.

उत्तरवारा
भेंडीची तार दिसायला तशीच, पण घडण वेगळी. ती वनस्पतीची साखरसाखळी, म्युसिनचा दांडाच तिला नाही. ती आपल्या अस्तरावर जाऊन बसत नाही. पण तंतुमय पदार्थ म्हणून ती जिवाणूंना खायला मिळते, आणि तिथे सासूबाईंच्या म्हणण्याला थोडा आधार आहे. २०१६ मध्ये मिशिगनच्या गटाने उंदरांना तंतू नसलेलं अन्न दिलं, तर जिवाणू भुकेने म्युसिनचं अस्तरच खायला लागले आणि ते पातळ झालं. भेंडीची भाजी, ज्वारीची भाकरी, उसळ, सगळ्याचं काम तेच.

स्लाईडवाली
मी पॅथॉलॉजीत तंत्रज्ञ आहे, वीस वर्षं. तुम्ही सगळे ज्याबद्दल बोलताय ते मी रोज रंगवते, म्हणून लिहावंसं वाटलं.

जठराचा तुकडा येतो तो मसुराएवढा. मेणात बसवायचा, तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, कोमट पाण्यावर ती रिबन तरंगते, काचेवर अलगद उचलायची. मग अल्शियन ब्लू हा निळा रंग. धुवायचं. मग पीरिऑडिक आम्ल, मग शिफचं द्रावण. शिफ बाटलीत पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, गंधकासारखा उग्र वास येतो. काच त्यातून काढून नळाखाली धरली की तुकडा हळूहळू गुलाबी आणि मग गडद किरमिजी होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नळ बंद करायचं विसरले होते.

चांगल्या जठराचा पृष्ठभाग या रंगात एकसारखा किरमिजी दिसतो. वर्षानुवर्षं हेलिकोबॅक्टर जंतूची सूज राहिली की काही ठिकाणी जठर आपलं म्युसिन सोडून आतड्याचं म्युसिन करायला लागतं. ते निळं रंगतं. किरमिजीच्या मधोमध पेल्याच्या आकाराच्या निळ्या पेशी. चषक पेशी आतड्यात शोभतात, जठरात नाही. हा कॅन्सर नव्हे, पण डॉक्टर त्या रुग्णावर लक्ष ठेवतात.

आणि एक चित्र मला नेहमी त्रास देतं. 'सिग्नेट रिंग' पेशी. जे म्युसिन बाहेर सोडायचं ते पेशीच्या आतच साठतं, इतकं की केंद्रक एका कडेला दाबलं जाऊन चपटं होतं. दिसते खड्याच्या अंगठीसारखी. आपल्याकडे आतड्याच्या कॅन्सरच्या तरुण रुग्णांत हे चित्र मी बरंच पाहिलंय. फॉर्मवर वय २९, ३२ वाचलं की काच पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते.

मोगरा७८
स्लाईडवाली, पुढच्या वेळी बायोप्सीच्या रिपोर्टला उशीर झाला तर मी चिडणार नाही.

पांढराकोट
कोरांटीच्या 'चांगली गोष्ट टेस्ट कशी झाली' याकडे येते. शरीरातली पोकळी किंवा नळी ज्या पेशींनी मढवलेली असते त्यांना वर-खाली असतं. एमयूसी-१ फक्त वरच्या, पोकळीकडच्या बाजूला असतं. तिथून तुटलेले तुकडे पोकळीत पडतात, रक्तात फारसे येत नाहीत. कॅन्सरच्या पेशीला वर-खाली उरत नाही. म्युसिन चहूबाजूंनी उगवतं, प्रमाणाबाहेर तयार होतं आणि तुटून सरळ रक्तात जातं. म्हणून रक्तात मोजता येतं. साखरेच्या साखळ्याही अर्धवट राहतात, कणसात दाणे भरलेच नाहीत तसं.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये बघतात तो सीए १५-३ म्हणजे एमयूसी-१. तो ओळखायला जी अँटिबॉडीची जोडी वापरतात, त्यातली एक मुळात आईच्या दुधातल्या स्निग्ध कणांच्या आवरणावर केली होती. दुधाचा प्रत्येक स्निग्ध थेंब बाहेर पडताना एमयूसी-१ चं पांघरूण घेऊन निघतो. मी हे शिकले तेव्हा माझी मुलगी अंगावर पीत होती, म्हणून विसरले नाही.

स्वादुपिंडासाठीचा सीए १९-९ ही म्युसिनवर बसणारी एक साखर आहे. शंभरात पाच ते दहा जणांना ती बनवताच येत नाही, त्यांच्यात कॅन्सर असूनही आकडा शून्याजवळ राहू शकतो. उलट पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तरी तो खूप वाढतो. म्हणजे पुन्हा तेच. या टेस्ट म्युसिन मोजतात. कॅन्सर आहे की नाही हे पेशी बघून ठरतं.

सातमाळा
पांढराकोट यांच्या शेवटच्या वाक्यासाठी आमच्या आत्याची गोष्ट. वय ५२. पोटात पाणी झालं, वजन उतरलं, संध्याकाळी कणकण. सीए-१२५ आला सहाशेच्या वर. सीटी स्कॅनमध्ये पोटातला पडदा जाड. एका ठिकाणी सांगितलं, चौथी पायरी, थेट केमो सुरू करू. आत्याने घरी येऊन पाटल्या दोन्ही सुनांना वाटून टाकल्या.

धाकटी सून नर्स आहे. ती अडून बसली की तुकडा तपासल्याशिवाय केमो घ्यायची नाही. दुसऱ्या दवाखान्यात दुर्बिणीतून बायोप्सी झाली. निघाला पोटाचा टीबी. सहा महिने गोळ्या. पोटातलं पाणी गेलं, आकडा ३५ च्या खाली आला. सुनांनी पाटल्या परत आणून दिल्या, त्या तिने घेतल्या नाहीत.

पांढराकोट
सातमाळा, त्या सुनेला माझा नमस्कार सांगा. पोटाचा टीबी आणि अंडाशयाचा पसरलेला कॅन्सर, दोन्हींत पोटाच्या आवरणाला सूज येते आणि तिथलं एमयूसी-१६ रक्तात उतरतं. आपल्या देशात टीबी एवढा असताना तुकडा तपासणं टाळून चालत नाही.

निळीशाई
एक विचारायचं होतं. म्युसिन कॅन्सरच्या पेशीवर वेगळं दिसतं, तर त्यावर लस का नाही?

उत्तरवारा
प्रयत्न झालेत. त्या अर्धवट साखरेवर, सियालिल-टीएन म्हणतात तिला, एक लस केली होती. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या हजाराहून जास्त स्त्रियांवर चाचणी झाली. २००३ मध्ये निकाल आला, आयुष्य वाढलं नाही. एमयूसी-१ वरच्या एका लसीचंही फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तसंच झालं. अडचण अशी की ही साखर प्रतिकारशक्तीला 'आपलीच' वाटते. म्युसिनच्या टोकाला सियालिक आम्ल नावाची साखर असते, ती पाहून पांढऱ्या पेशी हात आखडता घेतात. कॅन्सर हेच ओळखपत्र जास्तीचं मिरवतो. सियालिक आम्लाच्या या खेळावर अजित वार्की यांनी आयुष्यभर काम केलंय. ते मूळचे भारतातले, संशोधन कॅलिफोर्नियात. २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्या कॅरोलिन बर्टोझ्झी यांचा गट पेशीवरचं म्युसिन कापून टाकणाऱ्या एन्झाइमवर काम करतो. मला त्यात आशा वाटते.

कोरांटी
परत आले. उशिराबद्दल माफ करा, मधे मुलाची परीक्षा होती.

पाळीनंतर आठ दिवसांनी टेस्ट केली : ३१. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात तीन सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साठलेली गाठ). मोगरा, तू म्हणालीस तेच, एन्डोमेट्रिऑसिस. डॉक्टरांनी विचारलं, 'इतकी वर्षं दुखतंय तर सांगितलं का नाही?' मला उत्तर देता आलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी.

ऑफिसमध्ये लेखी कळवलंय की ही टेस्ट पॅकेजमधून काढा, नाहीतर निदान फॉर्मवर पाळीची तारीख विचारा. माझ्याच मजल्यावरच्या आणखी दोघींना लाल आकडा आला होता आणि दोघींनी घरीही सांगितलं नव्हतं.

उत्तरवारा, एक राहिलंच. निरोगी शरीरात या एमयूसी-१६ चं काम काय?

उत्तरवारा
आकडा वाचून बरं वाटलं. काम म्हणशील तर आत्ता हे वाचताना तू पापणी मिटलीस ना, तेव्हा बुबुळाला ती घासली नाही, त्यात एमयूसी-१६ चा वाटा आहे. बुबुळाच्या पृष्ठभागावर ते उभं असतं, अश्रूंचा थर धरून ठेवतं, जंतूंना टेकू देत नाही. पोटात आतडी एकमेकांवर सरकतात तिथल्या आवरणावरही तेच.

आणि याच प्रथिनाची दुसरी बाजू. पोटाच्या आवरणावर मेसोथेलिन नावाचं प्रथिन असतं, त्याला एमयूसी-१६ घट्ट चिकटतं. अंडाशयातून सुटलेल्या कॅन्सरच्या पेशी पोटात जागोजागी रुजतात, त्यामागे ही जोडी असावी असं प्रयोगांतून दिसलंय. डोळ्यात जे घसरवतं तेच इथे चिकटवतं.

काका_कराडचे
पांढराकोट, एक मनात घोळतंय. वहिनींची मुलगी आता ३४ ची आहे. तुम्ही घरातल्या आजाराचं लिहिलंत तेव्हापासून झोप नाही. तिने कुठली टेस्ट करायची? वहिनी तर राहिल्या नाहीत.

पांढराकोट
काका, पुतणीसाठी सीए-१२५ नको. तिला जनुकीय समुपदेशनाला घेऊन जा, तिथे बीआरसीए जनुकांच्या (ज्यांतल्या दोषाने स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर घराण्यात उतरतो) तपासणीबद्दल बोलतील. ती तिच्या रक्तावर होते. पण ज्यांना आजार झाला होता त्यांचा नमुना मिळाला तर उत्तर जास्त पक्कं मिळतं. वहिनींच्या ऑपरेशनचे कागद आहेत का?

काका_कराडचे
फाइल दादाकडे आहे. पण नमुना एवढ्या वर्षांनी कुठला?

स्लाईडवाली
असेल काका. मेणाचे ठोकळे आम्ही वर्षानुवर्षं जपून ठेवतो. फाइलमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीचा कागद शोधा, वरच्या कोपऱ्यात एक नंबर असेल, तिरकी रेघ आणि पुढे साल. तो नंबर घेऊन त्याच लॅबमध्ये जा आणि 'ब्लॉक हवा आहे' असं लेखी द्या. बरोबर दादांना न्या, जवळच्या नातेवाइकाची सही लागते.

काका_कराडचे
रविवारी दादाकडे जातो.